रायबोसोमल आरएनएच्या जनुकांतले इंट्रॉन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या महाविद्यालयांत बुरशी, दगडफूल, शैवाल, जिवाणू किंवा किडींच्या डीएनएवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी ही प्रश्नावली आहे. इंट्रॉन म्हणजे जनुकातला असा तुकडा, जो आरएनए बनल्यावर कापून टाकला जातो; त्याच्या दोन्ही बाजूंचे टिकणारे भाग, म्हणजे एक्सॉन, एकमेकांना जोडले जातात. रायबोसोम हे पेशीतले प्रथिने बनवणारे यंत्र. त्याच्या लहान उपघटकातल्या आरएनएला बुरशी, वनस्पती, प्राण्यांत १८एस आणि जिवाणूंत १६एस म्हणतात; मोठ्या उपघटकातल्याला २६एस किंवा २८एस आणि जिवाणूंत २३एस. या विषयाशी पहिली गाठ बहुधा जेलवरच पडते. १८एस जनुकाचा बँड १,७५० बेसच्या आसपास यायला हवा असतो आणि येतो २,१५० ला. मग 'पीसीआर चुकला' म्हणून नमुना बाजूला पडतो. असे करू नका. तो वाढीव तुकडा कुठे बसला आहे हे पाहिले तर रायबोसोमबद्दल आणि त्या जीवाबद्दल खूप काही कळते.

इंट्रॉन प्रथिनांच्या जनुकांत असतात असे शिकवले जाते. रायबोसोमल आरएनएच्या जनुकातही असतात?

असतात. किंबहुना इंट्रॉनबद्दलचा सर्वांत मोठा धक्का तिथूनच मिळाला. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या मोठ्या रायबोसोमल आरएनएमध्ये ४१३ न्यूक्लिओटाइडचा एक इंट्रॉन आहे. कोणत्याही प्रथिनाच्या मदतीशिवाय तो स्वतःला कापून बाहेर काढतो आणि दोन्ही टोके जोडून देतो, हे थॉमस चेक यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवले. आरएनए एन्झाइमचे काम करू शकतो याचा हा पहिला पुरावा होता. १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना मिळाले.

एक फरक लक्षात असू द्या. रायबोसोमल आरएनएपासून प्रथिन बनत नाही, त्यामुळे इथे 'वाचनचौकट बिघडली' हा प्रकार नसतो. इंट्रॉन निघाला नाही तर रायबोसोमच नीट बांधला जात नाही. म्हणून या जनुकांत टिकलेला प्रत्येक इंट्रॉन नीट आणि वेळेवर बाहेर पडणारा असावा लागतो.

त्यांचे प्रकार किती? सगळे स्वतःच कापले जातात का?

चार प्रकार भेटतात आणि चारही वेगवेगळ्या पद्धतीने बाहेर पडतात.

सर्वांत जास्त आढळतो तो गट १. त्याला बाहेरून एक ग्वानोसिन लागतो. हा ग्वानोसिन इंट्रॉनच्या सुरुवातीला हल्ला करतो, मोकळे झालेले पहिल्या एक्सॉनचे टोक पुढच्या जोडावर हल्ला करते आणि एक्सॉन जुळतात. मूळ गाभा साधारण २५० ते ५०० न्यूक्लिओटाइडचा असतो. आत एखाद्या एन्झाइमचे जनुक बसलेले असेल तर लांबी हजाराच्या पुढे जाते.

गट २ चे इंट्रॉन आतल्याच एका अ‍ॅडेनोसिनचा वापर करून फासासारखी गाठ तयार करतात. रायबोसोमल जनुकांत ते थोडेच आहेत, आणि तेही प्रामुख्याने मायटोकाँड्रिया व हरितलवकांत. पायलाएला या तपकिरी सागरी शैवालाच्या मायटोकाँड्रियातला मोठा रायबोसोमल आरएनए हे त्याचे माहीत असलेले उदाहरण.

आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) यांच्यातले इंट्रॉन रायबोझाइम, म्हणजे एन्झाइमचे काम करणारे आरएनए, नाहीत. तिथे एक्सॉन-इंट्रॉनच्या सांध्यावर ठरावीक घडी पडते : तीन बेसचा फुगवटा, चार जोड्यांची नळी, पुन्हा तीन बेसचा फुगवटा. ही घडी ओळखून एक प्रथिन-एन्झाइम कापते आणि दुसरे जोडते. टीआरएनएचे (प्रथिन बनताना अमिनो आम्ल आणून देणाऱ्या आरएनएचे) इंट्रॉनही आर्किया याच एन्झाइमने कापतात.

चौथा प्रकार म्हणजे प्रथिनांच्या जनुकांत असतात तसे स्प्लायसिओसोमने (प्रथिने आणि लहान आरएनए मिळून बनलेल्या कापणीच्या यंत्राने) कापले जाणारे इंट्रॉन. हे फक्त काही बुरशींच्या, विशेषतः दगडफुलातल्या बुरशींच्या केंद्रकीय रायबोसोमल जनुकांत सापडले आहेत. ते फार लहान असतात, सहसा शंभर बेसच्या आत. जेलवर इतका फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते हमखास निसटतात.

कोणत्या जीवांत ते जास्त असतात आणि कोणात नसतातच?

वाटणी अतिशय असमान आहे.

केंद्रकीय रायबोसोमल जनुकांत बुरशी, हिरवी व लाल शैवाले, अमीबासारखे एकपेशीय जीव आणि श्लेष्मबुरशी यांच्याकडे इंट्रॉनची रेलचेल आहे. पावसाळ्यात ओल्या पालापाचोळ्यावर किंवा कुजक्या लाकडावर एका रात्रीत पिवळाधमक फेसासारखा गोळा उगवतो, तो बहुधा फुलिगो सेप्टिका असतो. त्याच्या एकाच रायबोसोमल आरएनएच्या लांब धाग्यात गट १ चे बारा इंट्रॉन आहेत. बाराही नीट निघाले तरच रायबोसोम तयार होतो. फायसेरम या त्याच्या नातेवाइकातही असे इंट्रॉन आहेत, आणि त्यातला एक काही प्रकारांत आहे, काहींत नाही.

याउलट बेकरीच्या यीस्टमध्ये रायबोसोमल जनुकाच्या सुमारे दीडशे प्रती बाराव्या गुणसूत्रावर ओळीने असतात, आणि एकीतही इंट्रॉन नसतो. त्याच यीस्टच्या मायटोकाँड्रियातल्या २१एस (मोठ्या रायबोसोमल आरएनएच्या) जनुकात मात्र काही वाणांत 'ओमेगा' नावाचा प्रसिद्ध इंट्रॉन असतो. एकाच पेशीतल्या दोन जनुकसंचांत इतका फरक पडतो.

प्राण्यांच्या केंद्रकीय रायबोसोमल जनुकांत गट १ चे इंट्रॉन आढळत नाहीत. माणसात या जनुकाच्या शेकडो प्रती १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांवर असतात, सगळ्या इंट्रॉनविना. केळी, कपाशी, ज्वारी यांच्या १८एस-२६एसमध्येही इंट्रॉनची अपेक्षा ठेवू नका. असा मोठा तुकडा आला तर आधी पानावरच्या किंवा आतल्या बुरशीचा संशय घ्या.

जिवाणूंत ते विरळ आहेत. २३एसमध्ये थर्मोटोगा, कॉक्सिएला बर्नेटी, सिमकानिया यांत गट १ चे इंट्रॉन सापडले, आणि १६एसमध्ये गंधकावर जगणाऱ्या महाकाय जिवाणूंत. फक्त प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या जिवाणूंकडे पाहिले, तेव्हा '१६एसमध्ये इंट्रॉन जवळपास नाहीतच' असे वाटत होते. पर्यावरणातला डीएनए थेट वाचायला सुरुवात झाल्यावर, कधीच न वाढवलेल्या अतिसूक्ष्म जिवाणूंच्या मोठ्या गटात ते बऱ्यापैकी दिसले.

आर्कियात उष्णताप्रेमी गटांत, विशेषतः थर्मोप्रोटिएलीजमध्ये, १६एस आणि २३एस दोन्हींत ते आहेत. चोपड्याजवळच्या उनपदेवसारख्या गरम झऱ्यावर प्रकल्प करायचा असेल तर पाण्याचे तापमान तोंडाशीच मोजून लिहा. थर्मोप्रोटिएलीज बहुतांश ७५ अंशांच्या वरचे रहिवासी आहेत, त्यामुळे हवेहवेसे वाटणारे सगळे जीव प्रत्येक गरम झऱ्यात मिळतीलच असे नाही.

'एस-५१६', 'एल-१९२५' ही नावे कशी वाचायची?

एस म्हणजे रायबोसोमच्या लहान उपघटकाचा आरएनए, एल म्हणजे मोठ्याचा. पुढचा आकडा ई. कोलाय या जिवाणूच्या आरएनएतली समान जागा सांगतो, आणि इंट्रॉन त्या न्यूक्लिओटाइडच्या लगेच नंतर असतो. ई. कोलायचा १६एस १,५४२ न्यूक्लिओटाइडचा आहे आणि २३एस २,९०४ चा. तुमच्या बुरशीचा १८एस सुमारे १,८०० चा असतो, म्हणून तिच्या स्वतःच्या क्रमातला आकडा या नावात बसवायचा नाही. आधी ई. कोलायशी जुळवणी करायची आणि मग आकडा लिहायचा. प्रबंधांत ही गफलत वारंवार दिसते. यीस्टच्या आकड्याने दिलेली जागा ई. कोलायची म्हणून छापली की पुढचा वाचक नवा इंट्रॉन समजून बसतो.

हे इंट्रॉन जनुकात कुठेही शिरतात का?

नाही, आणि या विषयातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. रॉबिन गटेल आणि सारा वुडसन यांच्या गटांनी २००२ मध्ये तोवर नोंदवलेले सगळे इंट्रॉन रायबोसोमच्या त्रिमितीय रचनेवर मांडून पाहिले. बाराशेहून अधिक इंट्रॉन होते, पण त्यांच्या जागा दीडशेच्या थोड्या वर. म्हणजे एकमेकांशी दूरचा संबंध असलेल्या जीवांत इंट्रॉन पुन्हा पुन्हा त्याच जागी बसलेले आहेत. शिवाय या जागा आरएनएच्या सर्वांत न बदललेल्या भागांत आहेत : टीआरएनए जिथे टेकतो तिथे, दोन उपघटक जिथे एकमेकांना भिडतात तिथे.

नेहमी भेटणाऱ्या जागा पाहा. एस-५१६ ही संदेश तपासणाऱ्या भागातल्या ५३० च्या फासाजवळ आहे. एस-९४३ आणि एस-११९९ बुरशी व शैवालांत ठिकठिकाणी दिसतात. एस-१५०६, एस-१५१२ आणि एस-१५१६ हे त्रिकूट लहान आरएनएच्या अगदी शेवटच्या नळीत आहे. मोठ्या आरएनएत एल-१९२३, एल-१९२५ आणि एल-१९३१ ही गर्दी ६९ क्रमांकाच्या नळीपाशी आहे. ही नळी लहान उपघटकाला जाऊन टेकते. एल-२४४९ आणि एल-२५०० तर पेप्टाइड बंध तयार होतो त्या केंद्रातच आहेत. क्लॅमिडोमोनासच्या हरितलवकातला एल-२५९३ देखील तिथून फार लांब नाही.

याच्या उलट, जातीगणिक लांबी बदलणारे जे भाग आहेत, ज्यांत कितीही भर पडली तरी रायबोसोमला फारसे बाधत नाही, तिथे इंट्रॉन जवळजवळ नाहीत. पहिल्या विचाराला हे उलटे वाटते.

मग नेमक्या मोक्याच्या जागीच का?

कारणे तीन आहेत, आणि ती एकमेकांना धरून चालतात.

पहिले कारण प्रसाराचे. अनेक इंट्रॉनच्या पोटात 'होमिंग एंडोन्यूक्लिएज' नावाच्या कात्रीचे जनुक असते. इंट्रॉन नसलेल्या प्रतीतली नेमकी जागा ओळखून ही कात्री डीएनए कापते. पेशी तो काप दुरुस्त करताना इंट्रॉन असलेली प्रत नमुना म्हणून वापरते आणि इंट्रॉन नव्या जागी उतरतो. ओमेगातली आय-एससीई-१ ही कात्री १८ बेसचा क्रम ओळखते, फायसेरमची आय-पीपीओ-१ सुमारे १५ बेसचा. इतका लांब क्रम जीवाजीवांत न बदललेला राहायचा तर तो सर्वांत जपलेल्या भागातच असणार. आय-पीपीओ-१ चा क्रम माणसाच्या २८एसमध्येही जसाच्या तसा आहे, म्हणूनच माणसाच्या पेशींत रायबोसोमल जनुके तोडून दुरुस्ती कशी होते हे पाहण्यासाठी ती वापरतात.

दुसरा मार्ग आरएनएवरून जातो. कापून बाहेर पडलेला इंट्रॉन हीच क्रिया उलटी करून दुसऱ्या आरएनएत शिरू शकतो. टेट्राहायमेनाचा इंट्रॉन ई. कोलायच्या २३एसमध्ये असा शिरतो हे प्रयोगाने दाखवले गेले आहे. यासाठी चार ते सहा बेस जुळले तरी पुरतात, पण तो भाग उघडा आणि हाताशी हवा. दोन उपघटक एकत्र येण्याआधी त्यांचे भिडणारे पृष्ठभाग उघडेच असतात.

तिसरे कारण निवडीचे. बिनमहत्त्वाच्या जागी बसलेला इंट्रॉन अर्धवट निघाला, किंवा झिजून निकामी झाला, तरी जीव चालवून घेतो. हळूहळू तो ओळखू न येण्याइतका बदलतो किंवा गळून जातो. मोक्याच्या जागी मात्र नीट न निघणारा इंट्रॉन पेशीला परवडत नाही, म्हणून तिथे उत्तम काम करणारेच शिल्लक राहतात. आज आपण मोजतो ते हे शिल्लक राहिलेले.

यीस्टच्या ओमेगावरून गोडार्ड आणि बर्ट यांनी १९९९ मध्ये मांडलेले चक्रही इथे जोडून वाचावे. इंट्रॉन येतो, सगळ्यांत पसरतो, पसरायला जागा उरली नाही की कात्रीचे जनुक बिघडते, मग इंट्रॉनच नाहीसा होतो, आणि जागा मोकळी झाल्यावर पुन्हा नवा येतो. एकाच वंशातल्या एका जातीत इंट्रॉन आहे आणि शेजारच्या जातीत नाही, हे कोडे त्याने सुटते.

आयटीएस म्हणजे इंट्रॉनच का?

नाही. आयटीएस-१ आणि आयटीएस-२ हे १८एस, ५.८एस आणि २८एस यांच्या मधले तुकडे आहेत. ते कापून टाकले जातात, पण दोन्ही बाजू पुन्हा जोडल्या जात नाहीत. जोडणी झाली तरच इंट्रॉन म्हणायचे. साल्मोनेलाच्या २३एसमधले वाढीव तुकडेही याच कारणाने इंट्रॉन नव्हेत. ते निघतात आणि २३एस तुकड्यांतच राहतो.

आणखी एक घोटाळा हरितलवकांबद्दल होतो. वनस्पतींत १६एस आणि २३एसच्या मधे दोन टीआरएनए जनुके असतात आणि त्यांच्यात गट २ चे इंट्रॉन असतात. ते टीआरएनएचे इंट्रॉन आहेत, रायबोसोमल आरएनएचे नाहीत.

अपेक्षेपेक्षा मोठा बँड आला. आता नेमके काय करायचे?

१. एक टक्का अ‍ॅगरोजवर एक किलोबेसच्या लॅडरबरोबर पुन्हा चालवा आणि फरक मोजा. सुमारे ४०० चा फरक म्हणजे बहुधा गट १ चा एक इंट्रॉन. हजाराच्या वर फरक असेल तर आत कात्रीचे जनुक असू शकते किंवा इंट्रॉन एकाहून अधिक असतील.

२. पीसीआरमधला वाढीचा वेळ वाढवा. साधे टॅक मिनिटाला सुमारे एक हजार बेस वाढवते. एनएस१-एनएस८ या १८एसच्या प्रायमर-जोडीसाठी दोन मिनिटे ठेवली असतील तर तीन ते साडेतीन करा. वेळ कमी पडला की लांब प्रत मागे पडते आणि इंट्रॉन नसलेली प्रत जिंकते.

३. बँड जेलमधून कापून शुद्ध करा आणि दोन्ही टोकांनी सिक्वेन्स करा. सँगर पद्धतीत एका बाजूने ७०० ते ८०० बेस भरवशाचे मिळतात, म्हणून मधला प्रायमर लागेलच.

४. इंट्रॉन नसलेल्या जवळच्या जातीशी आणि ई. कोलायशी जुळवणी करा. गट १ मध्ये आधीचा एक्सॉन यू वर संपतो (डीएनएत टी) आणि इंट्रॉन जी वर संपतो. सॉफ्टवेअरने सांधा एक-दोन बेस इकडे-तिकडे दाखवला तर या नियमाने सरळ करा.

५. मधला तुकडा वेगळा काढून आरफॅम या आरएनए-कुटुंबांच्या संग्रहातल्या नमुन्यांशी इन्फर्नल या सॉफ्टवेअरने तपासा. गट १ चा नमुना आरएफ०००२८ आहे, गट २ चा आरएफ०००२९. साध्या ब्लास्टवर विसंबू नका. इंट्रॉनचा क्रम झपाट्याने बदलतो, घडी मात्र टिकते.

६. शेवटचा पुरावा आरएनएचा. त्याच नमुन्यातून आरएनए काढा, डीएनएजने डीएनए नष्ट करा, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजने सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) करा आणि त्याच प्रायमरने पीसीआर करा. सीडीएनएचा बँड लहान आला आणि त्यात एक्सॉन बरोबर जुळलेले दिसले की प्रश्न मिटला. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजविना एक नळी ठेवायला विसरू नका. रायबोसोमल जनुकाच्या इतक्या प्रती असतात की चिमूटभर डीएनए राहिला तरी मोठा बँड येतो.

दोन बँड आले, किंवा सिक्वेन्स एका जागेनंतर गढूळ झाला. का?

एकाच जीवाच्या काही प्रतींत इंट्रॉन आहे आणि काहींत नाही, असे होऊ शकते. थेट सिक्वेन्स केला तर इंट्रॉनच्या जागेपर्यंत स्वच्छ शिखरे येतात आणि तिथून पुढे दुहेरी. ती जागा ओळखीची असेल, उदाहरणार्थ १५१६, तर कारण जवळजवळ नक्की. दोन्ही बँड वेगळे कापा किंवा क्लोन करा. नमुन्यात दोन जीव मिसळले असतील तर मात्र दुहेरी शिखरे सुरुवातीपासूनच ठिकठिकाणी दिसतात.

प्रायमर चालतच नाहीत. डीएनए तर चांगला आहे.

'सार्वत्रिक' प्रायमर न बदललेल्या भागांवर बेततात आणि इंट्रॉनही तिथेच बसतात, त्यामुळे दोघांची टक्कर अटळ आहे. आयटीएस१ हा प्रायमर ई. कोलायच्या आकड्यात साधारण १५०८ ते १५२६ वर बसतो. एस-१५१२ किंवा एस-१५१६ ला इंट्रॉन असेल तर त्या जागेचे दोन तुकडे होतात. अशा वेळी १८एसमध्ये अलीकडे बसणारा आयटीएस१एफ घ्या. तो चालतो, फक्त उत्पाद इंट्रॉनइतका लांब येतो. एनएस२ आणि एनएस३ एकाच जागेवर विरुद्ध दिशांना बसतात, आणि एस-५१६ चा इंट्रॉन ती जागा जवळपास मधोमध तोडतो.

यातला खरा धोका पीसीआर फसण्यात नाही. फसला तर निदान कळते. पण मूळ जीवाची प्रत वाढली नाही आणि नमुन्यातल्या किरकोळ भेसळीची वाढली, तर स्वच्छ बँड, स्वच्छ सिक्वेन्स आणि संपूर्ण चुकीचे नाव मिळते. इल्युमिनाच्या लहान वाचनांत आणखी एक अडचण येते : इंट्रॉनमुळे तुकडा लांबला की दोन बाजूंची वाचने एकमेकांना पोहोचत नाहीत, सॉफ्टवेअर ती जोडी टाकून देते आणि तो जीव यादीतच येत नाही. समुदायाचा अभ्यास करताना निदान काही नमुने लांब वाचनाच्या पद्धतीने करून पाहावेत.

काळ्या मसाल्यातल्या दगडफुलावर हे काम करता येईल का?

विषय म्हणून उत्तम, कारण दगडफुलातल्या बुरशींत केंद्रकीय इंट्रॉन भरपूर आहेत. मसाल्यात येते ते दगडफूल मुख्यतः पार्मेलिएसी कुळातले, आणि त्या कुळात एस-१५१६ ला इंट्रॉन वारंवार दिसतो. पण बाजारातल्या पुडीत अनेक जाती मिसळलेल्या असतात, माल जुना असतो आणि त्यावर साठवणीतल्या बुरशी चढलेल्या असतात. पुडीतून एकच पसरट तुकडा निवडा. सातपुड्यात, तोरणमाळकडे, ताजा नमुना घेता आला तर अधिक चांगले. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची परवानगी आधी घ्या.

सूक्ष्मदर्शकाखाली कडेचा कोवळा भाग २० ते ५० मिलिग्रॅम कापा. अ‍ॅसिटोनमध्ये दोन-तीनदा भिजवून दगडफुलातली आम्ले काढून टाका, नाहीतर पीसीआर अडतो. पुढे नेहमीची सीटॅब पद्धत : २ टक्के सीटॅब, १ टक्का पीव्हीपी, ६५ अंशांवर तासभर, मग २४:१ क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल. डीएनए तपकिरी दिसला तर १:१० आणि १:१०० असे पातळ करून दोन्ही लावा. बहुतेकदा पातळ केलेलाच चालतो.

दगडफुलात शैवालही असते हे विसरू नका. ट्रेबाउक्सिया या त्यातल्या नेहमीच्या शैवालाच्या १८एसमध्येही एस-१५१२ ला इंट्रॉन असतो. इंट्रॉन बुरशीचा की शैवालाचा, हे दोन्ही बाजूंच्या एक्सॉनवरून ठरवा, इंट्रॉनवरून ठरवू नका.

गुलाबी बोंडअळीच्या आरएनएत २८एसचा बँडच दिसत नाही. इंट्रॉनमुळे?

नाही, आणि आरएनए खराब झाला असेही लगेच समजू नका. बहुतेक कीटकांच्या २८एसमध्ये मधोमध एक 'छुपा काप' असतो. तिथला छोटा तुकडा निघून जातो, दोन्ही अर्धे जोडले जात नाहीत, फक्त हायड्रोजन बंधांनी चिकटून राहतात. नमुना ७० अंशांवर तापवला की ते सुटतात आणि १८एसच्याच जवळ धावतात. यंत्र मग आरएनएच्या दर्जाला फार कमी गुण देते. एकच नमुना तापवून आणि न तापवता शेजारी शेजारी चालवा. न तापवलेल्यात २८एस दिसला तर आरएनए ठीक आहे.

कीटकांच्या २८एस जनुकांत आर-१ आणि आर-२ नावाचे उड्या मारणारे तुकडेही असतात. १९७७ मध्ये फळमाशीत ते दिसले तेव्हा इंट्रॉनसारखेच वाटले होते. पण ते कापून काढले जात नाहीत. ज्या प्रतीत ते शिरतात ती प्रतच निकामी होते, आणि बाकीच्या प्रतींवर पेशीचे भागते.

कॅन्डिडा अल्बिकन्स या रोगकारक यीस्टचे प्रकार याच इंट्रॉनवरून पाडतात ना?

हो. मोठ्या रायबोसोमल आरएनएच्या जनुकात, एल-१९२३ च्या जागी, काही वाणांत ३७९ न्यूक्लिओटाइडचा गट १ चा इंट्रॉन आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रायमरने सुमारे ४५० चा बँड आला तर प्रकार ए, ८४० चा आला तर बी, दोन्ही आले तर सी. कॅन्डिडा डब्लिनिएन्सिसला सुमारे १,०८० चा येतो. सी म्हणण्याआधी वसाहत एकच होती याची खात्री करा. दोन वाण मिसळले तरी असेच दोन बँड येतात.

माणसात असे इंट्रॉन नसल्यामुळे औषधाचे लक्ष्य म्हणूनही त्यांचा विचार झाला आहे. पेंटामिडीन हे औषध गट १ च्या इंट्रॉनची कापणी रोखते हे कॅन्डिडा आणि न्यूमोसिस्टिस या दोन्ही रोगकारक बुरशींच्या इंट्रॉनवर दिसले आहे.

बव्हेरिया, मेटारायझियम या जैविक कीटकनाशक बुरशींत त्याचा उपयोग?

वाण ओळखण्यासाठी चांगला उपयोग होतो. दोन्हींच्या २८एसच्या उत्तरार्धात गट १ चे इंट्रॉन काही वाणांत असतात, काहींत नसतात. कोणत्या जागी आहे, कोणत्या नाही, आणि किती लांबीचा, या तीन गोष्टींवरून शेतात सोडलेला वाण नंतर मेलेल्या अळीवर सापडलेल्या वाणाशी ताडून पाहता येतो. पण जात ठरवायला हे वापरू नका. त्यासाठी टीईएफ-१ सारखे जनुक घ्या. येण्याजाण्याची सवय असलेला इंट्रॉन वंशाची खात्रीशीर साक्ष देत नाही.

मग कुळवृक्ष काढताना इंट्रॉन ठेवायचा की काढायचा?

१८एस-२८एसचा वृक्ष काढताना काढायचा. ठेवला तर इंट्रॉन असलेल्या जाती निव्वळ त्या ४०० बेसमुळे एकत्र येतात. इंट्रॉनचा स्वतंत्र वृक्ष वेगळ्या कामाचा असतो : तो यजमानाच्या वृक्षाशी जुळला तर इंट्रॉन पिढ्यानुपिढ्या खाली आला आहे, जुळला नाही तर आडव्या वाटेने आला असावा. तुलना करताना एकाच जागेचे इंट्रॉन घ्या. एका जीवातले एस-५१६ आणि एस-१५०६ हे एकमेकांचे सख्खे असतातच असे नाही. बहुधा दुसऱ्या जीवातला एस-५१६ हाच पहिल्या एस-५१६ चा जवळचा नातलग असतो.

स्वतःला कापणारा इंट्रॉन महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाखवता येईल का?

येतो. मात्र सगळी झुंज आरएनएजशी (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमशी) असते. पुढच्या प्रायमरला टी७ प्रवर्तक जोडून इंट्रॉन आणि दोन्ही बाजूंचे शंभरेक बेस वाढवा आणि टी७ पॉलिमरेजने आरएनए बनवा. या टप्प्यातल्या मॅग्नेशियममुळे आणि जीटीपीमुळे कापणी तिथेच सुरू होते. मॅग्नेशियम कमी ठेवा आणि तापमान ३७ ऐवजी ३० ठेवून पाहा. आरएनए शुद्ध केल्यावर सुरुवातीला हे प्रमाण चालते : ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.५), १०० मिलिमोलर अमोनियम सल्फेट, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.२ मिलिमोलर जीटीपी, ४२ अंश. ०, १, ५, १५ आणि ६० मिनिटांना थोडे थोडे काढून ईडीटीएने थांबवा आणि युरिया असलेल्या ५ टक्के पॉलिअ‍ॅक्रिलामाइडवर चालवा. एक नळी जीटीपीविना आणि एक मॅग्नेशियमविना हवीच.

पाण्याला ०.१ टक्का डीईपीसी (आरएनएज निकामी करणारे रसायन) घालून रात्रभर ठेवा आणि सकाळी ऑटोक्लेव्ह करा. ट्रिसच्या द्रावणात डीईपीसी घालू नका, ते ट्रिसशीच अभिक्रिया करते. बोअरच्या जड पाण्याने धुतलेली काचभांडी शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने खळखळून काढा, नाहीतर क्षार मोजमापात मिसळतात. एप्रिल-मे महिन्यांत एन्झाइम मागवणे टाळता आले तर टाळा, किंवा दुकानदाराकडून पार्सल निघायचा दिवस विचारून घ्या, म्हणजे ते रविवारी गोदामात पडून राहणार नाही. सुके प्रायमर मात्र उन्हाळ्यातही खुशाल मागवा.

कापणी झाली नाही म्हणून 'हा इंट्रॉन नव्हे' असे लिहू नका. अनेक गट १ इंट्रॉन नळीत एकटे काम करत नाहीत. न्यूरोस्पोरा या बुरशीच्या मायटोकाँड्रियातल्या मोठ्या रायबोसोमल आरएनएचा इंट्रॉन सीवायटी-१८ या प्रथिनाशिवाय नीट घडी घेत नाही. हे प्रथिन मुळात टायरोसिनला त्याच्या टीआरएनएशी जोडणारे एन्झाइम आहे.

जेनबँकेत (जनुकक्रमांच्या सार्वजनिक संग्रहात) क्रम देताना काय काळजी घ्यायची?

पूर्ण क्रम इंट्रॉनसकट द्या, कापून देऊ नका. रायबोसोमल आरएनएच्या नोंदीत एक्सॉनच्या सीमा जोडून लिहा आणि इंट्रॉनची नोंद स्वतंत्र करा. गट आणि ई. कोलायच्या आकड्यातली जागा टिपेत द्या. सीडीएनएने पडताळले असेल तर तसे लिहा, नसेल तर सीमा जुळवणीवरून काढल्या आहेत असे लिहा. आत कात्रीचे जनुक असेल तर त्याचीही नोंद करा, आणि मधे थांब्याचा संकेत आला असेल तर ते जनुक निकामी म्हणून दाखवा. इंट्रॉन सापडला नाही त्या वाणांचे क्रमही द्या. पुढे कोणी येण्याजाण्याचे चक्र तपासायला बसले तर रिकाम्या जागांची नोंदही तितकीच लागते.